जानकीचे ऐकू येणारे दिवस

जामसंड्यात रुक्मीकाकीला तिच्या पाठीमागे सगळे ‘कित्याक’ म्हणत. कित्याक म्हणजे कशाला. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूने सांगितलं, तिन्हीसांजेला केर बाहेर टाकू नये. हिने लगेच विचारलं, ‘‘कित्याक?’’ आंबोळीच्या पिठात मेथी घालायची, ती कित्याक? भरतीची वेळ रोज पुढे सरकते, ती कित्याक? तिच्या विचारण्यात उद्धटपणा नसे. उत्तर मिळालं की मान हलवायची, आणि नाही मिळालं तर प्रश्न तसाच मनात ठेवून कामाला लागायची. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती.

तिचं माहेर देवबागचं, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवरचं. नवरा भिकाजी आगबोटीवर खलाशी होता. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की तो घरी असे, बाकी वर्षभर पाण्यावर. घरात सासू सावित्री, रुक्मीकाकी आणि एकुलती एक मुलगी जानकी. सासू-सून दोघी मिळून पडवीत सुंभ वळायच्या. खाडीच्या चिखलात कुजवलेली नारळाची सोडणं आणून बडवायची, काथ्या पिंजायचा, हातावर वळायचा. आमचं घर समोरच होतं. त्या बडवण्याच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबला की आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

जानकी आणि मी एका वर्गात होतो. तिचं नाक कायम वाहायचं. तळहाताने ते खालून वर पुसायची तिला इतकी सवय की नाकाच्या शेंड्याजवळ एक आडवी घडीच पडली होती. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची. आणि बोलताना आमच्या डोळ्यांकडे बघायचीच नाही, ओठांकडे बघायची. आम्हाला वाटे, ही अशीच.

तिसरीत परशुराम गुरुजी आले. माणूस चांगला, पण शिस्तीचा. हजेरी घेताना जानकीचं नाव दोनदा पुकारलं तरी ती खिडकीबाहेर बघत बसलेली. एकदा त्यांनी तिला बाकावर उभं केलं. दुसऱ्या दिवशी तीच जानकी मागच्या बाकावरून पाढा बिनचूक म्हणाली, कुणीही पुन्हा सांगितलं नव्हतं. गुरुजींनी त्यातून सरळ अर्थ काढला आणि संध्याकाळी घरी येऊन पडवीत बसले.

‘‘मुलगी हुशार आहे, पण हट्टी आहे. मनात असेल तेव्हाच ऐकते.’’

सावित्रीआजी नातीकडे बघत म्हणाली, ‘‘चेडवाक नजर लागली आसा.’’

रुक्मीकाकी काथ्या बाजूला ठेवून उठली. ‘‘मास्तरानु, हट्टी माणूस खाऊचा नाव काढल्यार तरी वळान बघतला मां? तुमी जरा बसा.’’

जानकी अंगणात पाठ करून खेळत होती. रुक्मीकाकी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘‘जानके, खाजा होया?’’ मालवणी खाजं म्हणजे जानकीचा जीव की प्राण. ती हलली नाही. रुक्मीकाकीने आवाज थोडा चढवला. तरी नाही. तिसऱ्यांदा तिने जवळजवळ ओरडून विचारलं, तेव्हा जानकी वळली आणि आईच्या हातांत खाजं शोधत आनंदाने म्हणाली, ‘‘खंय आसा?’’

गुरुजी उठले. जाताना एवढंच म्हणाले, ‘‘उद्यापासून तिला पहिल्या बाकावर बसवतो.’’ आणि बसवलंही.

रुक्मीकाकीला मात्र खरा प्रश्न आता पडला. मुलगी बहिरी म्हणावी, तर काही दिवस तिला कुजबुजलेलंही ऐकू येतं. बहिरा माणूस सोमवारी बहिरा आणि गुरुवारी बरा, असं असतं का? त्या दिवसापासून तिने रोज जानकीच्या मागे जाऊन काहीबाही पुटपुटायला सुरुवात केली. कधी खाजं, कधी ‘पाऊस इलो’, कधी नुसतं नाव. तिच्या लक्षात आलं ते असं. नाक चोंदलेलं असलं की कान बंद. नाक थोडं मोकळं झालं की दोन-चार दिवसांनी कान उघडायचे.

‘‘नाकाचो आणि कानाचो काय संबंध?’’ सावित्रीआजी वैतागून म्हणाली.

‘‘ताच माका कळाक होया,’’ रुक्मीकाकी म्हणाली.

त्या पावसाळ्यात जानकीचा कान ठणकू लागला. अंगात ताप, पोर उशीत डोकं खुपसून रडत होती. सावित्रीआजीने लसणीचं तेल कोमट करून कानात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवर पिवळा डाग होता, कान फुटून वाहत होता आणि दुखणं एकदम थांबलं होतं. सावित्रीआजीला वाटलं, तेलाचा गुण आला. भिकाजी तेव्हा घरीच होता. त्याने पोरीला खांद्यावर घेतलं, डोक्यावर इरलं धरलं आणि तिघंजण देवगडला डॉक्टर नाबरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर नाबर हे काही कानाचे तज्ज्ञ नव्हते. हिवतापापासून बाळंतपणापर्यंत सगळंच बघायचे. पण त्यांना घाई नसे, आणि कुणी काही विचारलं तर बरं वाटे. त्यांनी कान कापसाने पुसला, आरशाने उजेड पाडून आत पाहिलं, मग दुसरा कान पाहिला. इंजेक्शन दिलं. मग एक गोष्ट बजावून सांगितली की वाहत्या कानात तेल घालायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही.

‘‘पण तेलान थांबला दुखाचा,’’ रुक्मीकाकी म्हणाली.

‘‘तेलाने नाही. आत पू साठून पडद्यावर ताण आला होता. पडदा फुटला, पू बाहेर आला, म्हणून थांबलं. पडदा बहुतेक भरून येईल. पण मला काळजी या दुसऱ्या कानाची आहे. तो दुखत नाही ना? तरी त्याच्याही पडद्यामागे पाणी आहे.’’

‘‘कानात पाणी? मी तर तेका खाडयेर सोडणय नाय.’’

डॉक्टर हसले. मग त्यांनी टेबलावरचा कागद घेऊन त्यावर एक नाक आणि एक कान काढला आणि दोन्हींच्या मधे एक वाकडी रेघ ओढली. ‘‘हे पाणी बाहेरचं नाही. नाकाच्या मागून कानाच्या आत अशी एक बारीक नळी जाते. आपण आवंढा गिळतो तेव्हा ती उघडते आणि कानात हवा जाते. मुलांमधे ती आखूड असते आणि आडवी असते. नाक आतून सुजलं की तिचं तोंड बंद होतं. हवा जाईना, की तिथे पाझरून पाणी साचतं. मग पडदा हलत नाही.’’

रुक्मीकाकी त्या रेघेकडे बघत राहिली. ‘‘म्हणजे मिरदुंगार वलो फडको टाकल्यासारखा?’’

‘‘अगदी तसंच. मृदंग चांगला आहे, फडकं काढायला हवं.’’

‘‘मगे ह्येचा नाक कित्याक सुजता?’’

डॉक्टरांनी जानकीचं नाक पुन्हा एकदा तपासलं. सर्दी म्हणावी तर ताप नसताना ती वर्षानुवर्षं कशी टिकेल? त्यांनी विचारलं, शिंका कधी जास्त येतात? सकाळी, उठल्या उठल्या. डोळे खाजतात का? खाजतात. घरात अजून कुणाला असं आहे? भिकाजी ओशाळून म्हणाला, ‘‘माका ल्हानपणी दमो होतो.’’

‘‘मग हे वावडं असणार,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘कुणाला कोलंबीचं वावडं असतं, अंगावर पित्त उठतं. तसं हिच्या नाकाला कशाचं तरी आहे. ते समोर आलं की नाक सुजतं. मी गोळ्या देतो, शिंका थांबतील. पण मूळ वस्तू कोणती, ते घरात शोधायला हवं. आणि घरात मी नसतो, तुम्ही असता.’’

भिकाजीने नंतर आमच्या वडिलांना सांगितलं होतं, परतीच्या वाटेवर पाऊस कोसळत होता आणि या बाईने एकदाही ‘कित्याक’ विचारलं नाही. तो घाबरला. घरी आल्यावर तिने पाय धुतले आणि म्हणाली, ‘‘काय ता मी सोधून काढतलंय.’’

गोळ्यांनी शिंका थांबायच्या, पण जानकी वर्गात पेंगायची. त्यामुळे त्या फार त्रास झाला तरच द्यायच्या, असं ठरलं. आणि रुक्मीकाकीची शोधाशोध सुरू झाली.

पहिला संशय सुक्या मासळीवर. सुकट भाजली की अख्ख्या घराला खोकला येतो, मग या नाजूक नाकाचं काय! ऐन श्रावणाच्या तोंडावर तिने घरात सुकट, बांगडे, सगळं बंद केलं. सावित्रीआजी पेजेबरोबर नुसतं लोणचं खात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिली. जानकीचं नाक वाहतच होतं. मग आंब्याचा मोहर. सगळे म्हणाले, मोहराच्या दिवसांत कितीतरी माणसं शिंकतात. पण मोहर गळला, कैऱ्या धरल्या, तरी जानकी तशीच.

मग उरला काथ्या. तो बडवताना जी धूळ उडते ती उन्हाच्या तिरिपेत आम्हीसुद्धा बघितली होती, सोनेरी धुकं असावं तशी. रुक्मीकाकीला वाटलं, डोळ्यांसमोर असून दिसलं नाही ते हेच. पण काथ्या म्हणजे घराचा आधार. भिकाजीचे पैसे वर्षातून केव्हातरी येत. तरीही तिने पडवी सारवून घेतली आणि सगळं काम उचलून खाडीकडच्या काजीच्या, म्हणजे काजूच्या, झाडाखाली नेलं. ऊन, वारा, डोक्यावर पाटी, रोज चढउतार. सावित्रीआजी कुरकुरली, पण रोज बरोबर गेली.

आणि फरक पडला, पण अर्धाच. दुपारच्या शिंका कमी झाल्या. सकाळच्या मात्र जशाच्या तशा. डोळे उघडायच्या आधी जानकी शिंकायला लागायची आणि अंथरुणात बसूनच नाक पुसत राहायची.

‘‘अर्धा खरा म्हणजे काय?’’ रुक्मीकाकी माझ्या आईला म्हणाली. ‘‘काथ्याचा वावडा आसात, पण तेचो कोण तरी भाऊबंद घरातच बसलो आसा.’’

त्या उन्हाळ्यात ती जानकीला घेऊन देवबागला बहिणीकडे गेली. एस.टी.ने मालवण, पुढे वाळूतून पायी. बहीण सुभद्रा, तिचा नवरा होडीवाला. तिथे काही दिवसांतच जानकीचं नाक कोरडं झालं. तोंड मिटून झोपू लागली. आणि एका सकाळी ती आईला म्हणाली, ‘‘आये, ह्यो कसलो आवाज?’’ रुक्मीकाकीने कान दिला. तिला काहीच वेगळं ऐकू येईना. मग कळलं, जानकी विचारत होती ती माडांच्या झावळ्यांच्या सळसळीबद्दल. जामसंड्यातही माड होते. तिला ती सळसळ कधी नीट ऐकू आलीच नव्हती.

रुक्मीकाकी रडली नाही. ती बहिणीचं घर बघत फिरू लागली. सुभद्राच्या अंगणात मासळी वाळत घातलेली. दोन मांजरं. चूल तीच, लाकडं तीच. इतकंच काय, मागच्या बाजूला उघड्यावर सुभद्राची सासू काथ्याही वळत होती. मग इथे काय नाही, जे आमच्या घरात आहे? तिने भांडी पाहिली, भिंती हुंगल्या, कणगीत डोकावली. सुभद्रा म्हणाली, ‘‘गो, चोरी सोधतंस काय माझ्या घरात?’’

‘‘चोर सोधतंय,’’ ती म्हणाली. सापडला नाही. जामसंड्याला परतल्यावर कान पुन्हा बंद झाले.

उत्तर मिळालं ते पुढच्या खेपेला, आणि तेही न शोधता. पहिल्या खेपेला जानकीने देवबागला झोपताना रोज कटकट केली होती, कारण तिची उशी जवळ नव्हती. लाल चिटाच्या खोळीची छोटी उशी, सावरीच्या कापसाने भरलेली. जानकी जन्मली तेव्हा सावित्रीआजीने माहेरच्या सावरीखाली पडलेली बोंडं वेचून, बिया काढून, स्वतः भरली होती. ती तोंडाशी घेतल्याशिवाय जानकीला झोप येत नसे. सुभद्राकडे सगळी चटईवर, हाताची उशी करून झोपायची. म्हणून या वेळी जानकीने हट्टाने ती उशी बोचक्यात कोंबली.

दुसऱ्याच सकाळी जानकी देवबागला पहिल्यांदा शिंकली. मग शिंकतच राहिली.

रुक्मीकाकी विहिरीवर होती. घागर तशीच कठड्यावर ठेवून ती आत आली. घर तेच, वाळू तीच, मासळी तीच, मांजरं तीच. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि ती नजर लाल चिटावर येऊन थांबली. तिने काही न बोलता उशी उचलली आणि बाहेर होडीच्या टपावर नेऊन ठेवली. जानकीने थयथयाट केला. सुभद्राच्या मुलांनी तिला समुद्रावर नेलं. तीन-चार रात्री गेल्या आणि शिंका थांबल्या. खात्री करायला म्हणून तिने उशी पुन्हा एकदा आत आणली. पोरीला मुद्दाम त्रास द्यायचा म्हणून जीव तुटला, असं ती पुढे मला म्हणाली, पण त्याशिवाय सासूला काय सांगणार? सकाळी शिंका हजर.

घरी आल्यावर खरी पंचाईत. सासूने जीव लावून केलेली वस्तू. रुक्मीकाकीने दोन दिवस विषय काढला नाही. मग दुपारी जेवणं झाल्यावर सगळं घडलं तसं सांगितलं. आमच्या ओटीपर्यंत सावित्रीआजीचा आवाज आला.

‘‘माझी उशी? मियां भरलेली? आठ वर्सां ता उशयेर निजता, आणि तुका आज कळला?’’

‘‘आये, तुमी भरलास तेवा ती बरीच होती. मगे आमी तिका कधी उकलूक नाय. दमट हवा, पोराची लाळ, तेल. आत काय झाला आसात, कोणाक ठावक?’’

सावित्रीआजी उशी घेऊन उठली. मग तिने कोयती मागितली. भर उन्हात अंगणात फतकल घालून बसली आणि उशीची शिवण उसवली. आम्ही सगळी मुलं कुंपणाला लटकून बघत होतो. आतून पांढराशुभ्र मऊ कापूस नाही निघाला. निघाले ते पिवळट, कुबट गोळे, आणि हात लावताच पिठासारखी धूळ वर आली. सावित्रीआजी स्वतःच शिंकली. एकदा, दोनदा. मग तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, ‘‘मियांच केलेली, मियांच जाळतंय.’’ सुकलेल्या पानांच्या पातेऱ्यावर ती उशी ठेवून तिने काडी लावली. जानकी ओरडून रडली आणि आजी तिला मांडीवर घेऊन बसली.

त्यानंतर त्या घरात उशा राहिल्या नाहीत. गोधड्या दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवायच्या आणि कातळावर कडक उन्हात टाकायच्या. जानकी चटईवर, धुतलेलं लुगडं घडी करून डोक्याखाली घेऊन झोपू लागली. काथ्याचं काम काजीखालीच राहिलं. पुढच्या पावसाळ्यात दमट दिवस आले की तिचं नाक थोडं चोंदायचं, पण कान ठणकला नाही. डॉक्टर नाबरांनी आत पाहिलं आणि म्हणाले, ‘‘पाणी गेलं. फुटलेल्या कानाच्या पडद्यावर वण राहिलाय, त्या कानाने थोडं कमी ऐकू येईल. बाकी मृदंग वाजतोय.’’ त्यांनी सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली. तुम्ही उशी पुन्हा आत आणलीत, हे तुम्हाला सुचलं कसं, असं विचारलं. तिला त्यात सुचण्यासारखं काय आहे ते कळेना.

हे पसरायला वेळ लागला नाही. ज्याच्या त्याच्या घरात उशा उसवल्या जाऊ लागल्या. बंदराकडून रहमतबी आपल्या नातवाला, अस्लमला, घेऊन आली. तोही उघड्या तोंडाने झोपायचा, घोरायचा, हाक मारली तर ऐकायचा नाही. रुक्मीकाकी त्यांच्या घरी जाऊन बघून आली, उशी काढायला लावली, गोधड्या उकळल्या. काहीच फरक पडला नाही. तिला ते फार लागलं. मग तिने रहमतबीला सरळ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात मागे बोट घालून तपासलं आणि कोल्हापूरला पाठवलं. अस्लमच्या नाकामागे मांसाची गाठ वाढली होती, तिनेच ती नळी दाबली होती. ती काढली आणि पोरगा ऐकू लागला.

‘‘बरा झाला, हट्ट नाय केलंय,’’ रुक्मीकाकी म्हणाली. ‘‘दर येळाक उशीच नसता.’’

पुढे बऱ्याच वर्षांनी, जानकीचं लग्न ठरलं होतं तेव्हा, डॉक्टर नाबरांचा निरोप आला की सवड काढून या. परदेशातल्या काही डॉक्टरांनी शोधून काढलं होतं की घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात आणि पुष्कळांना वावडं असतं ते त्यांचंच. डॉक्टरांनी ते मासिकात वाचलं होतं. दवाखान्यात हिवतापाचं रक्त तपासायचं सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. त्यांनी कुठल्याशा जुन्या गादीची धूळ झटकून काचेवर घेतली होती आणि सकाळपासून शोधत बसले होते.

रुक्मीकाकी, जानकी आणि मी, तिघी गेलो. काकीने आधी चुकीचा डोळा लावला, मग बरोबर. बराच वेळ ती वाकून उभी होती.

‘‘पाय आसत तेका,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘एक, दोन... आठ. कुर्लेसारख्या आसा. पण डोळे खंय?’’

‘‘खेकड्यासारखंच, पण याला डोळे नसतात,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘मगे उशी तेका गावता कशी?’’

‘‘ते मला माहीत नाही.’’

ती पुन्हा वाकली. मागे जानकी रांगेत उभी होती, मीही होते, पण काकी काही बाजूला व्हायला तयार नव्हती. शेवटी जानकीने तिच्या खांद्याला धरून तिला हलवलं, तेव्हा कुठे आम्हाला बघायला मिळालं.